ओरेस्ट वाचतो, पेनी ऐकते

वर्ना ह्रिंकिवला लहानपणापासून एक खोड होती. झाकण दिसलं की उचलून बघायचं, मग ते दुसऱ्याच्या चुलीवरचं का असेना. मे महिन्यात शाळेची बस चालवताना तिला घोडेस्वारी क्लबच्या फाटकावर एक पाटी दिसली: जूनच्या दुसऱ्या शनिवारी ड्रेसाजची स्पर्धा, वेस्टर्न खोगीर घालणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग. तिने बस जवळजवळ थांबवलीच. मागून एक मुलगी म्हणाली, "मिसेस ह्रिंकिव, इथे कुणीच उतरत नाही."

"ठाऊक आहे," वर्ना म्हणाली आणि पाटी पुन्हा एकदा वाचली.

ड्रेसाज हे तिच्या लेखी पांढऱ्या विजारी घालणाऱ्यांचं काम. उंच काळे घोडे, गुंफलेली आयाळ, आखून दिलेल्या रेषांवरून एकेक पाऊल तोलून टाकायचं आणि सबंध वेळ कुणी हसायचं नाही. आता त्यांनी गुरांमागे फिरणाऱ्यांच्या जाड खोगिरालाही आत घेतलं होतं. मैदान तेच, परीक्षक तीच, फक्त दुडकी जरा संथ.

वर्नाला बक्षिसाची फीत नको होती. तिला हवा होता तो कागद. या स्पर्धेत परीक्षक तुमच्या प्रत्येक वळणाला गुण देते आणि शेजारी ओळभर शेरा लिहवून घेते. मग तो कागद तुमच्या हातात मिळतो, घरी न्यायला. छप्पन्न वर्षांत वर्नाला असं लेखी कुणी काही सांगितलं नव्हतं. बसवालीला लोक सांगतात ते फक्त उशीर झाल्यावर.

घोडी तिच्याकडे होतीच. पेनी. रंग तांब्याचा, आणि कॅनडाने एक सेंटचं नाणं बंद केलं त्याच वर्षी जन्मलेली, म्हणून हे नाव. पेनीने पाच वर्षं गुरांच्या बाजारात काढली होती. लिलावाच्या गोलात उभं राहायचं, वासरू विकलं गेलं की त्याला ढोसत बाहेरच्या फाटकाकडे न्यायचं, परत यायचं. आणि त्या गोलाच्या वर, लाकडी माचावर बसून बोली पुकारायचा तो वर्नाचा नवरा, ओरेस्ट.

तीस वर्षं त्याने ते काम केलं. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसे त्याच्या तोंडातून आकडे फुटायचे. लोक गुरं घ्यायची नसली तरी ऐकायला यायचे. मध्येच सगळं थांबवून तो म्हणायचा, "विकलं." त्या एका शब्दावर फाटक उघडायचं, आणि फाटकाच्या आधी पेनी वळलेली असायची.

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात, बोली ऐन रंगात असताना, ओरेस्टच्या तोंडाची उजवी बाजू घसरली. हात परत आला, पाय परत आला, जीभही आली. पण पूर्वीची नाही. आता प्रत्येक शब्द तो जणू आतून शोधून आणायचा, पुसायचा, मग पुढे ठेवायचा. दोन शब्दांमध्ये चहा गाळून होई. बाजाराने त्याला निरोपाचं घड्याळ दिलं. त्याने मागून घेतली ती पेनी.

घरात तो बोलायचा. विनोदसुद्धा करायचा, फक्त विनोद संपेपर्यंत थांबावं लागे. पण घराबाहेर तोंडाला कुलूप. दुकानात बोटाने दाखवायचा. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी घेऊन भिंतीशी बसायचा. फोन वाजला की वर्नाकडे बघायचा. चार लोकांत हा माणूस पुन्हा तोंड उघडेल का, हे वर्नाला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. आणि हे एकच झाकण असं होतं, की त्याला तिने दोन वर्षं हात लावला नव्हता.

स्पर्धेला एक आठवडा राहिला तेव्हा डार्लीनचा फोन आला. डार्लीन मकोव्स्की ही वर्नाची जुनी मैत्रीण. या स्पर्धेत स्वाराला सगळी परीक्षा पाठ नसली तरी चालतं. कडेला उभं राहून एकजण एकेक ओळ मोठ्याने वाचतो. ते काम डार्लीन करणार होती.

"अगं, क्लबच्या सेक्रेटरीला नागीण झालीय," डार्लीन म्हणाली. "मला टेबलावर बसवलंय. पण घाबरू नकोस, माझी भाची वाचेल. तिचा आवाज पार हायवेपर्यंत जातो."

"नको," वर्ना म्हणाली. "माझी सोय झालीय."

सोय स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. वर्नाने फोन ठेवला आणि भांडी पुसता पुसता म्हणाली, "डार्लीनला जमत नाही म्हणे. आता वाचायला कुणी उरलं नाही."

"तिला भाची आहे ना," ओरेस्ट म्हणाला. हे चार शब्द यायला एक बटाटा लागला.

"तिचा घसा बसलाय."

"काल दुकानात ओरडत होती."

"म्हणूनच बसला असेल."

ओरेस्टने आणखी एक बटाटा सोलला, न तुटता, सालाची एक लांब पट्टी काढत. "पाठ कर मग."

"मला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही, ओरेस्ट."

सालाची पट्टी टेबलावरून खाली लोंबू लागली. "किती ओळी?"

"चौदा," वर्ना म्हणाली आणि वळून कपाट आवरायला लागली, कारण तोंडावरचं काही त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

घरामागच्या कुरणात तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या मांडल्या आणि त्यांवर काळ्या रंगाने अक्षरं काढली. मैदानाच्या कडेने अशी आठ अक्षरं असतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते त्यांवरून कळतं. नववं, एक्स, बरोबर मध्यावर, आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते आहे असं समजून तिथे थांबायचं. ओरेस्टला हे फार आवडलं. "माझ्यासारखं," तो म्हणाला. वर्नाने त्याला विचारलं नाही की म्हणजे काय.

तो ट्रॅक्टरवर बसून वाचायचा. नियम कडक होता: कागदावर आहे तेवढंच वाचायचं. त्याबाहेरचा एक शब्द म्हणजे बाहेरची मदत, आणि मदत घेतली की स्वार बाद. पहिल्या संध्याकाळी मदतीचा प्रश्नच आला नाही. "ई पाशी, डावीकडे, वीस मीटरचं वर्तुळ, दुडकीत," एवढं त्याचं वाचून होईपर्यंत पेनी ई सोडून, के सोडून, कुंपणापाशी तोंड लावून उभी होती.

ओरेस्टने कागदाची घडी घातली.

"थांब," वर्ना म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला कुतूहल वाटत होतं. "मला मोजू दे." ती पेनीला पुन्हा फिरवत राहिली, त्याला पुन्हा वाचायला लावत राहिली, आणि पावलं मोजत राहिली. त्याचं एक वाक्य म्हणजे पेनीची चौतीस पावलं. चौतीस पावलं म्हणजे एक अक्षर आणि थोडं. "तू उशिरा बोलत नाहीस," ती खाली उतरून म्हणाली. "तू उशिरा सुरू करतोस. एक अक्षर आधी तोंड उघड."

पेन्सिलीने त्यांनी कागदावर खुणा केल्या. तिसऱ्या संध्याकाळी सगळं बसलं. वाक्य संपे आणि पेनीचा खांदा बादलीपाशी येई. आणि वर्नाला आणखी एक गोष्ट दिसली, जी खोगिरात बसल्याशिवाय दिसत नाही: ओरेस्ट बोलू लागला की पेनीचा आतल्या बाजूचा कान त्याच्याकडे फिरायचा आणि वाक्य संपेपर्यंत तिथेच राहायचा.

शनिवारी वारा होता आणि डास नव्हते. दोन्ही एकदम कधी मिळत नाही. क्लबने अक्षरं रंगवलेल्या लाकडी टबांवर लिहिली होती आणि टबांत पेटुनियाची फुलझाडं लावली होती. क्लबच्या हॉलमधल्या बायका कांदा परतून पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकत होत्या. परीक्षक, मिसेस हाल्वर्सन म्हणून सडपातळ बाई, सी अक्षरामागे आपल्या पिकअपमध्ये बसल्या होत्या, शेजारी लिहून घेणारी, पुढे पितळी घंटा.

टेबलामागून डार्लीनने सतरा नंबरचं कापड पुढे केलं. "वाचणार कोण?"

"ओरेस्ट."

डार्लीनने कापड सोडलं नाही. "आपला ओरेस्ट?"

"दुसरा कुठून आणू?"

"अगं बाई. आणि जमलं नाही तर?"

"तर तेही कळेल," वर्ना म्हणाली आणि कापड ओढून घेतलं.

बोलायला सोपं होतं. ट्रेलरपाशी ओरेस्ट स्वच्छ शर्ट घालून, कागद हातात धरून दोराच्या कडेला बसलेल्या लोकांकडे बघत होता. निम्मे लोक म्हणजे बाजारातली जुनी गिऱ्हाइकं. त्यांच्या बायका, मुली, सुना स्पर्धेत होत्या.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"तेवीस."

"मोजलेस?"

"बस चालवते. सवय आहे."

त्याने हातातला कागद सरळ केला. मग म्हणाला, "वर्ना, भाचीचा घसा कसा आहे?"

त्याला सगळं ठाऊक होतं हे तिला तेव्हा कळलं. ती रिकिबीत पाय घालून वर चढली आणि वरून म्हणाली, "बराय. तिथे बसलीय, लाल टोपी. सांगू का तिला?" हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

ओरेस्टने लाल टोपीकडे पाहिलं. मग तो बी अक्षरापाशी जाऊन उभा राहिला.

घंटा वाजली. पहिली ओळ म्हणायला त्याला फार वेळ लागला; वर्ना बाहेर दुसरी फेरी घेत होती आणि तिला वाटलं आता संपलं. मग आवाज आला. लहान होता, पण वाऱ्याच्या दिशेने होता. "ए मधून आत. कदमचालीने. एक्सवर थांबा. सलामी."

दोराकडेची कुजबुज बंद पडली. वर्ना आत शिरली. न लिहिलेल्या अक्षरावर पेनी थांबली, वर्नाने एका हाताने सलामी दिली, पिकअपमधून मिसेस हाल्वर्सननी मान हलवली. डावं वर्तुळ झालं. एफपासून एचपर्यंत लगाम लांब सोडून तिरकं जायचं होतं. पेनीने मान खाली घातली, नाक फुरफुरवलं आणि घरी निघाल्यासारखी चालली. आणि ओरेस्टचा आवाज ओळीओळीला मोठा होत होता. शब्द अजूनही एकेक येत होते, पण प्रत्येक शब्द मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाला लागून परत येत होता. वर्नाला ती ऐट ओळखीची वाटली. तिला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बी पाशी उजवं वर्तुळ, दुडकीत. पेनीने ते इतकं गोल काढलं की वर्नाला खोगिरात बसल्या बसल्या हसू आलं. वर्तुळ जिथे सुरू झालं तिथे बरोबर बंद झालं. समोर तेवीस चेहरे, निम्मे जुने, हातात कागद, काम चोख झालेलं. आणि ओरेस्ट ह्रिंकिवची जीभ, जिला दोन वर्षं एकेक शब्द शोधून आणावा लागत होता, तिने एक शब्द आपणहून सोडला, लख्ख, एका दमात.

"विकलं."

दोन वर्षांत पेनीने तो ऐकला नव्हता. म्हणून काय झालं. तिने एफ ओलांडलं, कोपरा कापला आणि ए मधल्या मोकळ्या जागेतून सरळ बाहेर निघाली, समोर न दिसणारं एखादं वासरू असावं तशी. वर्नाने मांड घट्ट बसवून लगाम खेचला. पेनी थांबली. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन आत.

घंटा वाजली.

कुणी हसलं नाही. बाजारातल्या लोकांना शब्द कळला होता आणि त्यांनी टोप्यांकडे, बुटांकडे बघायला सुरुवात केली होती. ओरेस्टने कागद खाली केला. त्याचा चेहरा ऑक्टोबरातल्या त्या दिवशी होता तसा झाला.

मिसेस हाल्वर्सन पिकअपमधून उतरून चालत आल्या. आधी त्यांनी पेनीचे पाय पाहिले. "चारही पाय बाहेर गेले असते तर तुम्ही बाद झाला असतात. दोन आत आहेत." मग ओरेस्टकडे बघून वर्नाला विचारलं, "ते काय म्हणाले? ते कागदावर नाही."

"विकलं म्हणाले. ते लिलाव करायचे. घोडी तिथलीच."

"म्हणजे ती खूण होती."

"हो."

"तुम्हाला मदत व्हावी म्हणून?"

"मदत?" वर्ना म्हणाली. "मॅडम, त्याने मला दाराबाहेर काढलं."

मिसेस हाल्वर्सनच्या ओठाचा एक कोपरा हलला. "नियमात मदत लिहिलंय. नुकसान लिहिलेलं नाही. चुकीचे दोन गुण जातील. बी पासून पुन्हा." जाता जाता त्या वळल्या. "वाचणाऱ्यांनी ओळ पुन्हा वाचावी."

उरल्या होत्या तीन ओळी. वर्नाला त्या येत होत्या. खरं तर आठवडाभर ऐकून ऐकून तिला चौदाही येत होत्या, हे तिला आत्ता, या क्षणी कळलं. नुसतं 'मला पाठ आहे' म्हणायचं, आणि ओरेस्ट त्या माणसांसमोरून सुटला असता. शब्द तिच्या दातांपर्यंत आले. तिने पेनीला बी पाशी आणून उभं केलं, नवऱ्यापासून चार हातांवर, आणि ते गिळले.

वारा त्याच्या हातातला कागद फडफडवत होता. कागद आता सगळ्यांना ऐकू येत होता, माणूस नाही. वर्नाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पेनीच्या कानाकडे पाहिलं. कान ओरेस्टकडे वळलेला होता, तोंड उघडण्याच्या आधीच, आणि तिथेच राहिला. त्याला कसलीही घाई नव्हती.

"बी ते एफ," ओरेस्ट म्हणाला. थांबला. "दुडकी." पुन्हा थांबला, आणि वर्ना निघाली, कारण पुढची ओळ एक अक्षर आधी सुरू व्हायची तर तिने आता निघायलाच हवं होतं. "ए पाशी, मधल्या रेषेवर."

शेवटची सलामी झाली तेव्हा दोराकडेचा म्हातारा मिरोस्लाव, ज्याने ओरेस्टकडून तीस वर्षं गुरं घेतली होती, मोठ्याने म्हणाला, "काय रे ओरेस्ट, घोडी कितीला गेली?"

आता परीक्षा संपली होती. बोललं तरी चालत होतं. सगळे थांबले. थांबावंच लागलं.

"गेली नाही," ओरेस्ट म्हणाला. "दोन पाय मागे ठेवले होते."

मग मात्र सगळे हसले, आणि ओरेस्ट हसण्याच्या मधोमध उभा राहिला, थंडीत कुणीतरी अंगावर कोट घातल्यासारखा.

कागद अकराला मिळाला. सहा जणींत पाचवी. सहावीच्या घोड्याने पेटुनिया खाल्ले होते. वर्नाने ट्रेलरच्या पायरीवर बसून ओळ न ओळ वाचली. 'पहिलं वर्तुळ अंड्यासारखं.' 'लांब लगामावर सुंदर चाल, कुठेही घाई नाही.' 'दुसरं वर्तुळ उत्तम.' त्याखाली: 'इथे घोडी निघाली होती.' आणि सगळ्यांत तळाशी, जिथे परीक्षक स्वतःच्या हाताने लिहिते: 'प्रामाणिक जोडी. घोडी स्वारापेक्षा वाचणाऱ्याचं जास्त ऐकते. सुधारावं की तसंच ठेवावं, तुम्ही ठरवा.'

ती ओळ तिने ओरेस्टला दाखवली. त्याने दोनदा वाचली. "तसंच ठेव," तो म्हणाला.

तेवढ्यात पांढरी विजार घातलेले एक गृहस्थ आले. लॉइड फेनिमोर, निवृत्त दंतवैद्य, एका उंच काळ्या घोड्याचे मालक. "मिस्टर ह्रिंकिव, अकरा चाळीसला तुम्ही मोकळे आहात का?"

ओरेस्टने सवयीने वर्नाकडे पाहिलं. वर्ना कागद वाचण्यात गढली होती. वाचून झालेला कागद.

"काय काम?" ओरेस्टने विचारलं.

"माझी बायको, म्युरिएल, वाचते. ती इतकं भरभर वाचते की मी कोपऱ्यात पोहोचतो तेव्हा ती शेवटच्या सलामीला पोहोचलेली असते. तुम्ही म्हणता ते ऐकू येतं. आणि घोड्याला विचार करायला वेळ मिळतो. मलाही. म्युरिएलची हरकत नाही. ती तर म्हणाली, जा आणि आधी विचारून ये."

ओरेस्टने हात पुढे केला. "कागद द्या. पेन्सिलसुद्धा."

जाताना तो थबकला. "हिला लांब ने," तो पेनीकडे बघत म्हणाला. "काही सांगता येत नाही."

म्हणून अकरा चाळीसला वर्ना हॉलच्या मागे उभी होती, पेनीचा दोर हातात घेऊन. तिथून मैदान दिसत नव्हतं आणि वाराही फिरला होता. काही ऐकू येत नव्हतं. डार्लीन कांदा घातलेल्या पिरोहीची ताटली घेऊन तिला शोधत आली.

"इथे काय करतेस? नवरा तिकडे वाचतोय, पन्नास माणसं जमलीत. बघणार नाहीस?"

"बघतेय की," वर्ना म्हणाली.

पेनीचा डावा कान हॉलच्या भिंतीकडे वळला होता. थोडा वेळ तिथे राहिला, सैल झाला, पुन्हा वळला. वर्ना ओळी मोजत होती; याही परीक्षेत त्या चौदाच होत्या. पाच. सहा. डार्लीनने कानाकडे पाहिलं, वर्नाकडे पाहिलं, आणि ताटली धरून शेजारी उभी राहिली. तेरा झाल्यावर कान बराच वेळ सैल राहिला. वर्नाने पिरोही तोंडात घातली नाही, तशीच हातात धरून ठेवली. मग कान चौदाव्यांदा वळला आणि परत आला.

टाळ्या ऐकू आल्या, वाऱ्याने अर्ध्या नेलेल्या. आणि टाळ्या विरल्यावर, सगळं संपल्यावर, पेनीने एकदम मान वर केली, मागच्या पायांवर वळली आणि वर्नाच्या हातातला दोर ताणत कुंपणाच्या फाटकाकडे चालू लागली.

"अगं, हिला काय झालं?" डार्लीन म्हणाली.

"काही नाही," वर्ना म्हणाली आणि पेनीच्या मागे धावली. "या वेळी त्याने मुद्दाम म्हटलंय."